शेजारच्या काकूंची मांजरं आणि बागेची हद्द: ही दोन भांडणं आधी वेगळी करा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. ज्यांनी तो वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही मुलुंड पूर्वेला तळमजल्यावर राहता, किचनच्या खिडकीखाली आठ बाय पंधरा फुटांची बाग आहे, शेजारच्या काकू पाच मांजरांना खायला घालतात, ती मांजरं तुमच्या तुळशीच्या कुंडीत आणि कोथिंबिरीच्या वाफ्यात घाण करतात, सासूबाईंना रोज पूजेच्या वेळी नेमकं तेच दिसतं, घरात जाऊबाईंना पाचवा महिना आहे, त्यात काकूंनी गेल्या महिन्यात मधली हिरवी जाळी दीड फूट तुमच्या बाजूला सरकवली आणि त्यांच्या शेवग्याच्या फांद्याही तुमच्याकडे आल्यात. सेक्रेटरींकडे गेलात तर ते म्हणाले मुळात ती जागा तुमची नाहीच, सोसायटीची आहे. आणि शेवटी तुम्ही विचारलंत की मांजरं पकडून लांब सोडली तर चालेल का, आणि पोलिसात कम्प्लेंट कशी करायची.

मी 22 वर्षं मुंबईत मांजरांच्या नसबंदीचं काम करते आणि त्यातली 6 वर्षं आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते, त्यामुळे तुमची बाजू, काकूंची बाजू आणि सेक्रेटरींची बाजू, तिन्ही ठिकाणी मी स्वतः बसलेली आहे.

पहिली गोष्ट, मांजरं लांब नेऊन सोडायचा विचार आजच्या आज डोक्यातून काढा. कायद्याचं पुढे सांगते, आधी जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगते. भांडुपला एका बिल्डिंगमध्ये एका गृहस्थांनी वैतागून एक पांढरी मांजरी गोणीत घातली आणि स्कूटरवरून लांबच्या मासळी बाजारात सोडून आले, त्यांना वाटलं तिथे खायला भरपूर मिळेल. मांजरीची चार पिल्लं मीटर बॉक्सच्या मागे होती हे कोणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला फोन आला की भिंतीतून आवाज येतोय. मी टॉर्च मारून हात घातला तेव्हा पिल्लं थंडगार पडलेली होती, डोळे अजून उघडले नव्हते. मी त्यांना छातीशी धरून गरम केलं, रात्रभर दर दोन तासांनी ड्रॉपरने दूध पाजलं, तरी दोनच जगली. तेच गृहस्थ सकाळी दारात येऊन उभे राहिले, त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. वाईट माणूस नव्हता हो तो, त्याच्याही कुंड्या रोज उकरल्या जात होत्या. आणि गंमत नाही, खरंच सांगते, दीड-दोन महिन्यांत त्या बिल्डिंगमध्ये दुसरी दोन मांजरं येऊन बसली, कारण खाणं तिथेच होतं, आडोसा तिथेच होता आणि जागा रिकामी झाली होती. मांजर आपल्या इलाख्याला धरून राहतं, एक उचललं की बाजूचं आत सरकतं, आणि नवं आलेलं बहुतेक वेळा नसबंदी न झालेलं असतं, म्हणजे तुमचा त्रास होता त्याहून वाढतो.

कायद्याने बघाल तर मांजर असं उपाशी मरण्यासारख्या परिस्थितीत टाकून देणं हे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये येतं. त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये आहे, म्हणून लोक त्याला हसतात, पण विष घातलं, ठार मारलं, पाय मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागतं, 1 जुलै 2024 पासून लागू आहे आणि त्यात 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रागाच्या भरात घरातल्या कोणी उंदराच्या औषधाची पुडी दुधात कालवली तर ते सगळ्या घराला भोगावं लागेल, म्हणून घरातल्या सगळ्यांना हे एकदा बसवून सांगा, विशेषतः जे फार बोलत नाहीत त्यांना.

आता मूळ मुद्दा. तुमच्याकडे दोन भांडणं आहेत, मांजरांचं आणि जाळीचं, आणि तुम्ही दोन्ही एकाच अर्जात घातलीत. मी बघितलेली जवळजवळ सगळी चिघळलेली प्रकरणं अशीच चिघळली आहेत. काकूंना वाटतं ही जागेसाठी मांजरांचं निमित्त काढतेय, तुम्हाला वाटतं या मांजरांच्या आडून जागा खातायत, आणि सेक्रेटरींना दोघींना गप्प करायला सगळ्यात सोपं वाक्य सापडतं, जागा सोसायटीची. मग ना मांजरांचं काही होतं ना जाळीचं. तेव्हा मांजरांचं आधी करा, ते दोन-अडीच महिन्यांत मार्गी लागू शकतं. जागेचं कागदावर चालतं, त्याला वेळ लागतो, तोवर त्या दीड फुटावर तोंडी वाद घालू नका, फक्त जाळीचा आणि टेप लावून मापाचा फोटो तारखेसकट काढून ठेवा.

मांजरं तुमच्याच बागेत का येतात हे आधी शोधा. तुम्ही लिहिलंय काकूंच्या बाजूला पण कुंड्या आहेत पण तिथे जात नाहीत. याला कारण असतं, प्रत्येक वेळी असतं.

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात एका तळमजल्यावरच्या आजींची हीच तक्रार होती, शेजारच्यांशी नऊ वर्षं बोलणं बंद, आणि कढीपत्त्याची कुंडी रोज उकरलेली. मी म्हटलं आजी, मला फक्त एक सकाळ तुमच्या दारात बसू द्या. पहाटे साडेपाचला प्लास्टिकच्या स्टुलावर जाऊन बसले. सहाच्या सुमारास एक करडी मांजरी भिंतीवरून उतरली, तुळशीजवळून गेली, वासही घेतला नाही, मोगरा ओलांडला, आणि सरळ कढीपत्त्यापाशी. नाक मातीला लावलं, पुढच्या पंजांनी भराभर उकरायला लागली, खाली काहीतरी चाटलं, पुन्हा उकरलं. मग वळून त्याच खड्ड्यात बसली. सात वाजता आजी पातेलं घेऊन बाहेर आल्या, त्यात बांगडे धुतलेलं लालसर पाणी, आणि ते सगळं त्यांनी कढीपत्त्याच्या बुडात ओतलं. कढीपत्ता छान फुटतो म्हणून आपल्याकडे घराघरात घालतात, माझी आईही घालायची. त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं की रोज सकाळी त्या स्वतः मांजरीला बोलावतायत. पाणी बंद केलं, वरची चार इंच माती काढून नवी घातली, आठवड्याभरात कुंडी शांत झाली. शेजाऱ्यांची मांजरी तीच, भिंत तीच.

तर तुमच्या वाफ्यात मासळीचं पाणी, कोळंबीची सालं, हाडांचा चुरा, अंड्याची न धुतलेली टरफलं यातलं काय जातं ते बघा. काही जात नसेल तर दुसरं कारण माती. मांजराला भुसभुशीत आणि कोरडी माती लागते, आणि कोथिंबिरीसाठी तुम्ही नेमकी तशीच करून ठेवता. त्यात जून ते सप्टेंबर मुंबईत उघड्यावर कोरडी माती राहतच नाही, फक्त छज्जाखालच्या कुंड्या कोरड्या असतात, म्हणून पावसाळ्यात मला येणारे फोन दुप्पट होतात आणि सगळे छज्जाखालच्या कुंड्यांबद्दलच असतात. तुमची तुळस छज्जाखाली आहे असं तुम्हीच लिहिलंय.

मग करायचं काय, तर वाफ्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी मिळते ना हार्डवेअरवाल्याकडे, ती आडवी अंथरा, कडा मातीत दाबा, वर बोटभर माती टाका. कोथिंबीर, मेथी, पालक त्या भोकांतून आरामात वर येतं पण मांजराला उकरता येत नाही, पंजा जाळीला लागला की ते सोडून देतं. पालेभाजी काढताना जाळी उचलावी लागते, थोडा त्रास आहे, पण एवढं सरळ चालणारं दुसरं काही मी बघितलं नाही. मोठ्या कुंड्यांत नारळाच्या करवंट्या पालथ्या घालून बुंध्याभोवती गच्च बसवा किंवा जाड खडी पसरा. बी नुकतं पेरलं असेल तर झाडूच्या हिराच्या काड्या चार-चार बोटांवर उभ्या खोचा. तुळस उंच कट्ट्यावर किंवा स्टँडवर न्या, कमरेइतकी उंची पुरते असं नाही कारण मांजर उडी मारतं, पण कुंडीत बसायला सपाट जागा उरू देऊ नका, मातीवर करवंट्या गोल लावून मध्ये फक्त खोड ठेवा. सासूबाईंना पाणी घालायला अडचण होत नाही, मी आमच्या घरी तसंच केलंय. आणि वाफा संध्याकाळी उशिरा ओला करत जा, ओल्या चिखलात मांजर सहसा बसत नाही.

काय नाही करायचं तेही नीट ऐका, कारण हे सगळे उपाय तुम्हाला बिल्डिंगमधला कोणी ना कोणी सांगणार. डांबर गोळ्या टाकू नका, नॅप्थलीन मांजराला विषारी आहे आणि रांगत्या मुलालाही. फिनाईल ओतू नका, पंज्यांना लागतं, मांजर पंजे चाटतं, आणि फिनॉल त्याच्या शरीराला पेलत नाही. मिरची पूड टाकू नका, ती डोळ्यांत जाते आणि वाऱ्याने तुमच्याही खिडकीत येते. उंदरांचा चिकट पॅड बागेत ठेवू नका, त्याला चिकटलेलं पिल्लू मी तेल लावून लावून सोडवलंय, दोन तास लागले, कातडी निघाली होती. निळ्या पाण्याच्या बाटल्या टांगून काही होत नाही, त्या बाटलीला टेकून झोपलेली मांजरं मी दाखवू शकते. आणि जिथे मांजराने मुतलंय ती फरशी अमोनियावाल्या क्लीनरने धुऊ नका, त्या वासाने ते परत तिथेच येतं, साबणाच्या पाण्याने आणि नंतर व्हिनेगरच्या पाण्याने धुवा.

नुसतं इथे नको म्हणून भागत नाही, कुठे जायचं ते मांजराला द्यावं लागतं. हे माझं अगदी पक्कं मत आहे आणि लोक नेमकी हीच गोष्ट गाळतात. काकूंच्या बाजूला, खाण्याच्या जागेपासून निदान आठ-दहा फूट लांब, भिंतीच्या कोपऱ्यात दोन बाय तीन फुटांचा एक कमी उंचीचा ट्रे किंवा विटांचा हौदा करा, वर पत्र्याचा तुकडा तिरका टाका म्हणजे पावसात कोरडं राहील. त्यात बांधकामाची बारीक रेती भरा, आणि पहिल्या दिवशी तुमच्या वाफ्यातली ती घाणेरडी माती एक खुरपंभर त्यात मिसळा, म्हणजे वासाने त्यांना कळतं की हीच जागा. रोज एकदा खुरप्याने साफ करायचं, महिन्याला रेती बदलायची. पाच मांजरांना असे दोन हौदे हवेत. साफ कोणी करायचं हे आधी ठरवा नाहीतर पंधरा दिवसांत तो नवा वाद होतो.

जाऊबाईंबद्दल. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो आणि गरोदरपणात तो बाळाला त्रासदायक ठरू शकतो, हे खरं आहे. पण घाबरून जाऊ नका. मांजर अंगावरून गेलं म्हणून तो होत नाही. विष्ठेतली त्याची अंडी संसर्गजन्य व्हायला कमीत कमी एक दिवस, कधी पाच दिवस लागतात, म्हणजे रोजच्या रोज उचललं तर धोका खूप कमी होतो. जाऊबाईंनी बाळंत होईपर्यंत मातीत हात घालायचा नाही, घालावाच लागला तर ग्लोव्हज, आणि त्या वाफ्यातली कोथिंबीर सध्या चटणीला कच्ची वापरू नका. मटण अर्धकच्चं खाण्यातूनही हेच होतं, तेही सांभाळा. बाकी त्यांच्या डॉक्टरांना घरासमोर मांजरं आहेत एवढं सांगून ठेवा, टेस्ट करायची की नाही ते ते ठरवतील.

आता नसबंदी. पाच मांजरांत किती माद्या आहेत ते काकूंना विचारा, त्यांना नक्की माहीत असेल. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, साधारण नऊ आठवड्यांत विते, वर्षात दोन-तीनदा विऊ शकते, आणि अंगावर पिल्लं पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. तीन माद्या असतील तर पुढच्या दिवाळीपर्यंत काकूंच्या दारात किती असतील तुम्हीच बघा. बोक्यांचं वेगळं, ते हद्द आखायला भिंतीवर, कुंडीवर, चपलांवर फवारा मारतात, तो उग्र वास तुम्ही लिहिलाय तो बहुतेक बोक्याचाच, आणि रात्रीची ती किंचाळणारी भांडणंही. नसबंदीनंतर काही आठवड्यांत दोन्ही बरंच कमी होतं.

मुंबईत महापालिकेचा मांजरांच्या नसबंदीचा कार्यक्रम 2019 पासून आहे, संस्थांमार्फत चालतो, तुमच्या वॉर्ड ऑफिसमध्ये किंवा पालिकेच्या पशुवैद्यकीय आरोग्य खात्यात चौकशी करा. नंबर लागायला वेळ लागत असेल तर जवळच्या व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे, खर्च विचारून बिल्डिंगमध्ये वर्गणी काढा, मी असं कित्येकदा केलंय, लोक भांडतात पण पन्नास-शंभर रुपये देतात. पकडायचं हाताने नाही, ट्रॅपने, म्हणजे आपोआप दार पडणाऱ्या पिंजऱ्याने. आदल्या दिवशी संध्याकाळपासून काकूंनी खाणं पूर्ण बंद ठेवायचं, हे त्यांना फार जड जातं, त्यांच्याजवळ बसून समजवावं लागतं. ट्रॅपमध्ये सुकट किंवा भाजलेला बोंबील, वर जुनी चादर, आणि दार पडलं की ताबडतोब चादर पूर्ण ओढायची म्हणजे अंधारात मांजर शांत होतं. नसबंदी झालेल्याच्या कानाचं टोक थोडं कापलेलं असतं, ती खूण, दुसऱ्यांदा तेच मांजर उचललं जात नाही. सोबत रेबीजची लसही टोचून घ्या. आणि कोणाला चावलं किंवा ओरखडा आला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी पालिकेच्या दवाखान्यात इंजेक्शन घ्यायचं, हळद लावून बसायचं नाही. जखमी किंवा आजारी मांजर दिसलं तर परळचं प्राण्यांचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, तिथे दाखवता येतं.

यातलं काहीही काकूंशिवाय होणार नाही. मांजरं त्यांच्या हातची आहेत, ती त्यांच्याच आवाजाला येतात. म्हणून ग्रुपवर लिहू नका. बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विष्ठेचे फोटो टाकलेत ना, ते तुम्ही चुकलात, स्पष्ट सांगते. काकूंना सगळ्यांसमोर खाली बघायला लागलं आणि त्यानंतर चार दिवसांत जाळी सरकली, तारखा तुम्हीच दिल्यात. दुपारी चारच्या सुमारास, चहाच्या वेळेला, एकट्या जा. नवऱ्याला नेऊ नका, सासूबाईंना नेऊ नका. पहिलं वाक्य फोटोंबद्दल बोला, काकू, ग्रुपवर टाकायला नको होतं, माझं चुकलं. मग मांजरांची नावं विचारा. नावं असतातच. ज्या बायका पाच-पाच मांजरांना रोज भात कालवून घालतात त्यांच्या घरात बहुतेक वेळा बोलायला दुसरं कोणी नसतं, हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता दारातूनच कळतं. मी एकदा अशाच एका काकूंकडे गेले होते, त्यांनी बोलता बोलता ओट्याखालचा डबा काढून दाखवला, त्यात मेलेल्या प्रत्येक मांजराची एकेक घुंगराची पट्टी ठेवलेली होती. त्यांना मी कसं सांगणार होते की खाऊ घालू नका. मी म्हटलं, काकू, एकालाही हाकलायचं नाही, फक्त वाढू नयेत एवढं बघू, आणि पिल्लं गाडीखाली जातात ते तुम्हाला तरी बघवतं का. त्या रडल्या आणि हो म्हणाल्या. ट्रॅपमध्ये स्वतःच्या हाताने सुकट ठेवलं त्यांनी.

काकू तयार झाल्या की अर्ध्या पानावर लिहून घ्या आणि दोघींनी सही करा. खायला कुठे, किती वाजता, अर्ध्या तासाने भांडी उचलायची, उरलेलं तसंच ठेवायचं नाही कारण त्यावर उंदीर येतात, हौदे कोणी साफ करायचे, नसबंदीचे पैसे कोण किती देणार. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत परिसरातल्या प्राण्यांना खायला घालायची जागा आणि वेळ सोसायटीने सगळ्यांशी बोलून ठरवायची असं आहे, जिने, येण्याजाण्याची दारं, मुलांची खेळायची जागा सोडून. त्या नियमांची भाषा जास्त करून कुत्र्यांभोवतीची आहे, पण पद्धत चांगली आहे, तीच इथे लावा आणि त्या अर्ध्या पानाची कॉपी कमिटीला द्या. कोणी तुम्हाला सांगेल की आता सुप्रीम कोर्टाने खायला घालणं बंद केलंय, तर ते ऑगस्ट 2025 चे आदेश भटक्या कुत्र्यांबद्दलचे आहेत, मांजरांच्या भांडणात ते वापरू नका.

पोलिसांचं विचारलंत. कुंडीत घाण झाली म्हणून गेलात तर फार तर एक एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहून घेतील आणि दोघींना समज देऊन परत पाठवतील, आणि मग काकू ट्रॅप लावायला कधीच मदत करणार नाहीत. मारहाण, धमकी, विषप्रयोग असेल तरच तिकडे जा.

आता जागा. सेक्रेटरींचं बोलणं तुम्हाला लागलं पण ते अगदीच चुकीचं नाही. तळमजला विकताना बिल्डर तोंडी सांगतो बाग तुमचीच, आणि माणसं त्यावर वीस वर्षं जास्वंद लावतात. पण बिल्डिंगभोवतीची मोकळी जागा मंजूर नकाशात मोकळी म्हणूनच दाखवलेली असते, आणि ती सगळ्या सभासदांची सामाईक असते. 2010 मध्ये स्टिल्ट पार्किंगच्या, म्हणजे बिल्डिंगखालच्या खांबांमधल्या पार्किंगच्या, प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच धरलं, की मोकळी जागा आणि स्टिल्ट बिल्डरला फ्लॅटसारखे वेगळे विकता येत नाहीत. तेव्हा तुमचं ॲग्रीमेंट काढा, त्यात बागेचा उल्लेख आहे का, सोबत नकाशा जोडलाय का, नकाशात ती पट्टी कशी दाखवलीय ते बघा. मंजूर नकाशा सोसायटीकडे नसेल तर पालिकेच्या इमारत प्रस्ताव खात्याकडून माहिती अधिकारात मागवता येतो. म्हाडाच्या वसाहतीत असाल तर वेगळं, तिथे जमीन बहुतेक वेळा म्हाडाची आणि सोसायटीकडे भाडेपट्ट्याने असते, मग लीज डीड आणि त्याचा नकाशा लागतो, पण तुमची बिल्डिंग खाजगी दिसतेय.

ॲग्रीमेंटमध्ये काही नसेल तर ती दीड फुटाची जागा ना तुमची ना काकूंची, आणि मग दोघींनीही मोकळं मन ठेवून कमिटीला एकत्र पत्र द्या की आम्ही इतकी वर्षं ही बाग सांभाळतोय, झाडं जगवलीत, सर्वसाधारण सभेत ठराव करून आम्हाला सांभाळायची परवानगी द्या, मध्ये जाळी कुठे असावी ते तुम्हीच आखून द्या. मालकी नाही मिळत त्याने, पण रोजचं भांडण संपतं. पत्राच्या कॉपीवर तारखेसकट पोच घ्या. कमिटीने काहीच केलं नाही तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, आणि सभासद-सभासदातला किंवा सोसायटीशी असा वाद सहकार कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात जातो, पण दीड फुटासाठी तिथवर जाऊ नका, वकिलाची फी बागेच्या सगळ्या झाडांपेक्षा जास्त होईल. काकू दुसऱ्या सोसायटीतल्या असत्या तर मात्र प्रॉपर्टी कार्ड काढून सिटी सर्व्हे ऑफिसकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा लागला असता.

शेवग्याची फांदी परस्पर छाटू नका. मुंबईत झाड तोडायला आणि छाटायलासुद्धा 1975 च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, वॉर्डच्या उद्यान विभागात अर्ज करायचा, सोसायटीच्या लेटरहेडवर दिला तर लवकर होतं. पावसाच्या आधी करा, शेवगा ठिसूळ असतो, जूनच्या वाऱ्यात मोडून पडतो.

एक शेवटचं आणि घाईचं. तुम्ही लिहिलंय पाचातली काळी मांजरी हल्ली जड दिसते आणि दुपारभर तुमच्या एसीच्या आउटडोअर युनिटखाली पडून असते. ती बहुतेक गाभण आहे आणि विण्यासाठी जागा शोधतेय. उद्याच काकूंना हे सांगा आणि व्हेटला विचारा की किती दिवस उरलेत, अजून दिवस लवकरचे असतील तर काय करायचं ते तेच सांगतील. दिवस भरत आले असतील तर तिला हलवू नका, ट्रॅप तर अजिबात नको, काकूंच्या बाजूला कोरड्या कोपऱ्यात एक खोका आडवा ठेवा, आत जुनी सुती साडी, तोंड भिंतीकडे. बाकीच्या चौघांचं आधी करून घ्या. पिल्लं आठ आठवड्यांची होऊन स्वतः खायला लागली की मग तिचा नंबर, तोवर पिल्लांना घरं शोधायला दोन महिने मिळतात, आणि ती विली की मला कळवा, मुलुंड-भांडुपमध्ये पिल्लू मागणारी दोन-तीन चांगली घरं माझ्या माहितीत आहेत.